किशोरवयातील खाणे आणि वजनाची रेघ : कोकणातील घरांसाठी मार्गदर्शक

दहा ते अठरा या वयात मुलांचे वजन वाढायलाच हवे. माणसाच्या प्रौढ वजनापैकी जवळपास निम्मे वजन याच काळात अंगावर चढते. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतो आणि मुलांचा त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. त्यामुळे सातवीच्या वर्गात मुली थोराड आणि मुलगे लहानखुरे दिसतात आणि दहावीपर्यंत चित्र पालटते. वयात येताना मुलींच्या कमरेवर व मांड्यांवर चरबी साठणे आणि मुलांचे खांदे भरणे हे शरीराचे ठरलेले काम आहे. अशा धावत्या काळात एका दिवशी काट्यावर दिसलेला आकडा फारसे काही सांगत नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून उमटणारी रेघ मात्र बरेच सांगते, आणि ती कोणत्या बाजूला झुकते हे रोजच्या काही सवयींवर पुष्कळसे अवलंबून असते: दिवसातला पहिला घास किती वाजता पोटात जातो, तहान कशाने भागवली जाते, भातासोबत ताटात काय असते आणि रात्री किती वाजता झोप लागते.

ही रेघ दोन्ही बाजूंना घसरू शकते. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने हडकुळी, तर ५ टक्के अधिक वजनाची आढळली. रक्तक्षयाचे प्रमाण २८ टक्के होते. एकाच घरात थोरला सुटलेला आणि धाकटी वाळलेली असे दृश्य कोकणात नवे नाही. म्हणून या लेखातील पायऱ्या वजन कमी करण्याच्या नाहीत. दोघांनाही त्या सारख्याच लागू पडतात.

पहिली पायरी : मोजमाप नीट घेणे

वर्षातून चार वेळा, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी, वजन आणि उंची घ्यावी. त्याहून वारंवार घेऊ नये, कारण आठवड्या-आठवड्यातला चढउतार पाण्याचा, जेवणाचा आणि पाळीचा असतो, आणि रोज काट्यावर चढणारे मूल स्वतःच्या शरीराकडे संशयाने पाहू लागते.

वजनकाटा कडक, सपाट जमिनीवर ठेवावा. शेणाने सारवलेल्या किंवा उंचसखल फरशीवर काटा एक-दोन किलोने सहज चुकतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पादत्राणे काढून, हलक्या कपड्यांत वजन घ्यावे. उंचीसाठी चिऱ्याची ओबडधोबड भिंत उपयोगाची नाही. दाराची सरळ चौकट किंवा गुळगुळीत गिलावा असलेली भिंत निवडावी. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, मुलीची वेणी किंवा अंबाडा सोडलेला, आणि डोक्यावर भिंतीशी काटकोनात धरलेला सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याची वही. गुण्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण करून मूल बाजूला झाल्यावर टेपने मोजावे. पुन्हा एकदा उभे करून मोजावे. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावे. ही काटेकोरी अनावश्यक वाटेल, परंतु उंचीतली दोन सेंटिमीटरची चूक पुढचे सगळे गणित फिरवते.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, मिळतो. १.५६ मीटर उंचीच्या आणि ४८ किलो वजनाच्या मुलीचा बीएमआय १९.७ येतो. येथे एक सावधगिरी हवी: प्रौढांसाठीचे ठरावीक आकडे या वयाला लावता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भ-तक्त्यांत दहा वर्षांच्या मुलीचा मध्य बीएमआय १६.६, पंधराव्या वर्षी २०.२ आणि अठराव्या वर्षी २१.३ असतो. म्हणजे निरोगी मुलीचा बीएमआय वयाबरोबर चढतोच. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र वाढ-तक्ते काढले. त्यांत भारतीय प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेघा अधिक वजन व लठ्ठपणा ओळखण्यासाठी दिलेल्या आहेत. बालरोगतज्ज्ञांकडून त्याची प्रत घेऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. दर्शनी भिंतीवर नको, कारण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने त्यावर मत द्यावे अशी ती गोष्ट नाही.

तक्त्यावर तीन-चार ठिपके जमले की पाहण्यासारखे एवढेच असते की मूल तक्त्यावर छापलेल्या रेघांना समांतर चालले आहे, की त्यांतली एकेक रेघ ओलांडत वर अथवा खाली सरकते आहे. वरच्या बाजूला राहूनही समांतर चालणाऱ्या मुलाची चिंता कमी, आणि मध्यावरून वर्षभरात दोन रेघा चढलेल्या किंवा उतरलेल्या मुलाची जास्त.

दुसरी पायरी : आठवडाभराची खाण्याची वही

काही बदलण्याआधी आहे ते लिहून काढावे. मुलानेच लिहावे, पालकांनी नव्हे. रकाने चार पुरेत: किती वाजता, काय, कुठे, आणि खाण्याआधी भूक होती की नाही. किती खाल्ले याचे वजन-माप करू नये. कॅलरी मोजण्याची सवय या वयात लावणे मला धोक्याचे वाटते, आणि त्याचे कारण पुढे येईलच. आठवड्यात रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस आले पाहिजेत, कारण त्या दोन दिवसांचे खाणे इतर दिवसांसारखे नसते.

तालुक्याच्या गावी अकरावीला जाणाऱ्या एखाद्या मुलीची वही बहुधा अशी दिसते. साडेसहाच्या एसटीसाठी सहाला घर सोडताना कपभर गोड चहा आणि दोन बटर, म्हणजे चहात बुडवायचे कडक पाव. साडेदहाला काही नाही, कारण डबा सर्वांसमोर उघडायची लाज वाटते. साडेबाराला स्टँडवरच्या टपरीवर वडापाव आणि रंगीत थंड पेय. दोनच्या गाडीने घरी आल्यावर भात, आमटी, असलाच तर माशाचा तुकडा, तेही अर्धे, कारण वडापावने भूक मेलेली. पाच वाजता चहा आणि मुंबईहून काकांनी आणलेले फरसाण, क्लासहून आल्यावर सात वाजता पुन्हा फरसाण, साडेनऊला जेवण आणि अकरा वाजता मोबाइल पाहताना बिस्किटांचा पुडा. या वहीत एकही पदार्थ विषारी नाही. दोष मांडणीत आहे: दिवसाचा पहिला अर्धा भाग जवळजवळ उपाशी, दुसरा अर्धा सतत चालू, आणि कडधान्य, भाजी, फळ यांना जागाच उरलेली नाही.

वही वाचताना फक्त तीन खुणा कराव्यात. जिथे दोन खाण्यांत पाच तासांहून अधिक अंतर पडले तिथे एक, जिथे भूक नसताना खाल्ले तिथे दुसरी, आणि जिथे गोड पेय आले तिथे तिसरी. पुढचे बदल या खुणांपासूनच सुरू होतात.

तिसरी पायरी : सकाळचा घास

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डायॲन न्यूमार्क-स्टायनर यांच्या नेतृत्वाखाली १९९८-९९ मध्ये ‘प्रोजेक्ट ईट’ हा अभ्यास सुरू झाला आणि त्यातील किशोरवयीनांचा मागोवा पुढे अनेक वर्षे घेतला गेला. त्यांपैकी २,२१६ मुलामुलींच्या पाच वर्षांच्या माहितीवरून २००८ मध्ये असे मांडले गेले की न्याहारी जितकी नियमित, तितकी बीएमआयमधील वाढ कमी. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. नियमित न्याहारी करणारी मुले इतर बाबतीतही शिस्तीची असू शकतात. तिथल्या शाळा, तिथली वाहने आणि तिथले खाणे आपल्यासारखे नाही, हेही खरे. तरीही सकाळी उपाशी राहिलेल्याचा हात दुपारनंतर तळलेल्या आणि गोड पदार्थांकडे जातो, हे वर दिलेल्या वहीत आपल्यालाही दिसतेच.

कोकणातल्या घरात न्याहारीची कमतरता मुळात नव्हती. उकड्या तांदळाची पेज, घावने, आंबोळी, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी हे सगळे शेतावर जाण्यापूर्वीचे खाणे होते. चहा-बटराने त्याची जागा घेतली ती वेळेच्या टंचाईमुळे. त्यामुळे उपायही वेळेचाच हवा. आंबोळीचे पीठ आदल्या दिवशी वाटून ठेवलेले असले तर सकाळी दहा मिनिटांत दोन आंबोळ्या होतात. नाचणीची आंबील रात्री शिजवून ठेवता येते. अंडे उकडायला वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. सहा वाजता मुलाच्या घशाखाली काहीच उतरत नसेल तर आग्रह करू नये. एक केळे किंवा कपभर दूध घरी आणि घावने-उसळीचा डबा आठ-साडेआठला, अशी न्याहारीची फोड करावी.

नुसत्या पेजेवर मात्र थांबू नये. पेज ही मुख्यतः पाणी आणि पिष्ट आहे. ती लवकर पचते आणि नऊ वाजता पुन्हा भूक लागते. सोबत चवळीची किंवा मुगाची उसळ, अंडे, भाजलेले सुकट किंवा वाटीभर दही असले की तीच पेज दुपारपर्यंत टिकते. कुळथाच्या पिठीबद्दलही असाच गोड गैरसमज आहे. कुळीथ प्रथिनांनी भरलेला खरा, १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम, परंतु वाटीभर पातळ पिठीत जेमतेम दोन चमचे पीठ जाते, म्हणजे चार-पाच ग्रॅम प्रथिने. मोड आलेल्या कुळथाची उसळ त्यापेक्षा कितीतरी भरीव.

नाचणीचे महत्त्व वेगळे आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि १३ ते १५ वयाच्या मुलांची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार १,००० मिलिग्रॅम आहे. हाडांची घडण याच वर्षांत होत असल्यामुळे, वजन कमी करण्याच्या नावाखाली भाकरी आणि दूध दोन्ही बंद करणारी मुलगी काय गमावते ते यावरून कळावे.

चौथी पायरी : पेये

सर्वांत कमी कष्टात सर्वांत मोठा फरक इथे पडतो. २५० मिलिलिटर थंड पेयात साधारण २६ ग्रॅम साखर असते. २,००० कॅलरींच्या आहारात मुक्त साखर, म्हणजे वरून घातलेली आणि मध-फळरसातली साखर, ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनाचा हिशेब निघतो. एक बाटली प्यायली की हा दुसरा कोटा संपतो, आणि प्यायलेल्या साखरेने भूक भागत नसल्यामुळे पुढचे जेवण तेवढेच जाते.

बाटलीबंद पेयाला नाके मुरडणाऱ्या घरांत अमृत कोकम मात्र निर्धास्त दिले जाते. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेला कोकमाचा रस. ‘आपल्या झाडाचे’ असल्याने त्यातली साखर कमी होत नाही. आगळ, म्हणजे साखर न घातलेला कोकमाचा रस, पाण्यात घालून, मीठ-जिरे टाकून केलेले सरबत किंवा सोलकढी यांची गोष्ट वेगळी, आणि ती खुशाल द्यावी. चहाचाही हिशेब मांडून पाहावा: दिवसाला तीन कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हटले तरी ३० ग्रॅमच्या आसपास. साखर एकदम बंद न करता दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केली तर जिभेला फारसे कळत नाही. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते, म्हणून मुलींनी तरी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी लोहगोळी घरी विचारून खात्री करावी. ती दप्तराच्या तळाशी सापडणे ही नेहमीची बाब आहे.

पाचवी पायरी : दुपार, संध्याकाळ आणि ताट

भात कमी करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझा अनुभव असा की भात तोडला की संध्याकाळी पाव आणि बिस्किटे वाढतात. भाताचा ढीग आपोआप लहान व्हावा यासाठी त्याच्या भोवतीचे पदार्थ वाढवावेत: वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ, दुसरी वाटी भाजी, आणि मासे असतील तेव्हा कालवणातला मासा. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त मासे प्रथिने आणि उपयुक्त स्निग्धांश दोन्ही देतात. सुरमई-पापलेटसाठी खर्च करण्याची आहाराच्या दृष्टीने गरज नाही. रव्यात घोळवून तळलेली तुकडी आठवड्यातून एकदा ठीक, एरवी कालवण, तिरफळ घातलेले तिखले किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेले. नारळाची धास्ती घेऊ नये, पण वाटण, वरून खोबरे आणि सोलकढी हे तिन्ही एकाच जेवणात रोज असतील तर एक कमी करता येईल.

खरी कसोटी साडेचार ते सातमध्ये लागते. या वयाची संध्याकाळची भूक खरी असते, तिला ‘अरबट-चरबट खायची सवय’ म्हणून हिणवू नये. तिच्यासाठी ठरलेला पदार्थ घरात तयार हवा: उकडलेले शेंगदाणे, काळ्या वाटाण्यांची उसळ, पोहे, अंडे, पेरू, केळे, हंगामात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. फरसाणाचा डबा फेकून देण्याचे कारण नाही. तो डोळ्यांसमोरून हलवून वरच्या फळीवर ठेवावा आणि खाताना वाटीत काढून घ्यावे.

रात्रीचे जेवण शक्यतो साडेआठच्या आत आणि सर्वांनी एकत्र, मोबाइल आणि टीव्ही बाजूला ठेवून. जेवताना गुण, परीक्षा आणि वजन हे तीन विषय वर्ज्य करावेत.

शाळेच्या बाबतीत पालकांच्या हाती एक कायदेशीर साधनही आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अधिक चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडता येतो. टपरीवाला बहुधा गावातलाच असतो, त्यामुळे भांडण्यापेक्षा त्यालाच उसळ-पाव आणि उकडलेली अंडी ठेवायला सांगणे अधिक फळते.

सहावी पायरी : हंगाम ओळखून बेत

यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नेमक्या त्याच वेळी शाळा सुरू होतात. ताटातला मासा जातो आणि त्याच्या जागी बटाटा, पापड आणि लोणचे येते. या दोन महिन्यांसाठी चवळी, मूग, कुळीथ, काळे वाटाणे यांचा साठा मे महिन्यातच करावा. सुके बांगडे, सोडे, जवळा जरूर वापरावे, पण मीठ उतरण्यासाठी आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. चढणीचे मासे आणि खेकडे मिळतात तेव्हा ताट भरून निघते. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला या रानभाज्याही याच दिवसांतल्या.

मे महिन्यातल्या आंब्या-फणसाला कोणी घाबरू नये. फळ फळ म्हणून खाल्ले तर पोट भरते. साखर घातलेला रस, आंबापोळी आणि फणसपोळी यांचे प्रमाण तेवढे पाहावे. गणपतीचे दिवस आणि शिमगा हे मोजण्याचे दिवस नव्हेत. दहा दिवसांच्या मोदकांनी तीन वर्षांची रेघ वाकत नाही, तीनशे दिवसांच्या चहा-बटराने वाकते.

सातवी पायरी : डाएटपासून दूर

आता कॅलरी न मोजण्याच्या कारणाकडे येतो. ‘प्रोजेक्ट ईट’च्याच २,५१६ मुलामुलींचा पाच वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वजन ताब्यात ठेवण्यासाठी जेवण टाळणे, उपास करणे, अगदी थोडे खाणे असे अपायकारक मार्ग ज्यांनी अवलंबले होते, त्यांचा बीएमआय तसे न करणाऱ्यांपेक्षा सुमारे एका अंकाने अधिक वाढला आणि पाच वर्षांनी अधिक वजनाचे असण्याचा धोका त्यांच्यात जवळपास तिप्पट आढळला. अनावर खाण्याचे झटके आणि उलटी काढणे, गोळ्या घेणे यांसारखे प्रकारही त्यांच्यात जास्त दिसले. दडपलेली भूक कधीतरी उसळी घेतेच, आणि त्यानंतरच्या अपराधी भावनेतून पुन्हा उपास सुरू होतो. संकष्टी, सोमवार, गुरुवार असे एकामागून एक उपास धरणाऱ्या मुलीने श्रद्धेसाठी ते धरले आहेत की वजनासाठी, हे आईने हळुवारपणे विचारून घ्यावे.

घरातली भाषाही आहाराचाच भाग आहे. गणपतीला आलेली आत्या ओटीवर पाय ठेवताच ‘काय गो, किती सुटलंस!’ म्हणते आणि सगळे हसतात. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ते वाक्य वर्षभर राहते. आत्याला आधीच फोनवर, तिचा मान राखून, विनंती करावी. हडकुळ्या मुलाला ‘वाऱ्याने उडशील’ म्हणणाऱ्या काकांनाही तीच.

वजन जास्त असलेल्या वाढत्या मुलाचे वजन घटवण्याची बहुधा गरजच नसते. १.५८ मीटर उंचीच्या, ६२ किलोच्या चौदा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २४.८ येतो. वर्षभरात उंची १.६५ मीटर झाली आणि वजन तेवढेच राहिले तर तो २२.८ होतो, एक किलोही न घटता. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झालेल्या मुलीची उंची मात्र फारशी वाढत नाही, म्हणून तिच्या बाबतीत हा हिशेब डॉक्टरांसोबत बसून करावा.

झोप आणि हालचाल

१३ ते १८ वयाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी. साडेसहाची एसटी गाठणाऱ्याने नऊ-साडेनऊला अंथरूण धरले पाहिजे, आणि त्यासाठी मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावणे हा सर्वांत सोपा नियम, जो आईवडिलांनीही पाळावा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाची ओढ लागते. हालचाल रोज सरासरी साठ मिनिटे, दम लागेल इतकी. घाटी चढून शाळेला जाणे, पुळणीवर क्रिकेट किंवा कबड्डी, विहिरीवर पोहणे हे सगळे त्यात धरावे. दुचाकी हाती आली की हे चालणे थांबते, आणि अनेक मुलांची रेघ नेमकी तिथून वर जाऊ लागते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वर्षभरात तक्त्यावरच्या दोन रेघा वर किंवा खाली ओलांडल्या असतील, मानेभोवतीची किंवा काखेतली त्वचा काळी व जाड झाली असेल, झोपेत मोठे घोरणे असेल, एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नसेल, जेवणानंतर लगेच बराच वेळ न्हाणीघरात जात असेल, चक्कर येत असेल किंवा खाण्याविषयी खोटे सांगितले जात असेल, तर वाट पाहू नये. भरपूर तहान, वारंवार लघवी आणि खाऊनही वजन झपाट्याने उतरणे ही तिन्ही एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. रात्र जाऊ देऊ नये. ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. जाताना मोजमापांचा तक्ता आणि खाण्याची वही सोबत न्यावी, आणि तपासणीच्या वेळी मुलाला काही मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे.